जाड शीट

वैजनाथनं बोट वाकवून गाडीच्या सुट्या दारावर टकटक केली. पत्रा ठण्णकन वाजला. मग त्यानं शेजारच्या, आतून शीट चिकटवलेल्या दारावर तशीच टकटक केली. आवाज जागच्या जागी मेला.

"कळला फरक, काका?"

भागवतरावांनी मान हलवली. फरक कळला होता. त्यातलं चांगलं कोणतं, ते कळलं नव्हतं. माठ घेताना असा बद्द आवाज आला की ते तो मुकाट्यानं परत ठेवत. इथं वैजनाथ नेमका त्याच आवाजावर खूश होता.

मनमाड रस्त्यावरच्या त्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर तीन तुकडे मांडले होते. दोन रबराच्या शीट, वरून चंदेरी. एक पातळ, एक जाड. तिसरा मऊ काळा फोम. भागवतरावांनी तिन्ही दाबून पाहिले, वास घेतला, सोबतचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून जे समजलं होतं, तेही दुसऱ्यांदा गेलं.

"आता मला एकच सांगा," वैजनाथ म्हणाला. "भायेरचा आवाज आत यायला नको, का आतला भायेर जायला नको?"

"आप्पा, तुम्हीच सांगा," त्यांची मुलगी मोनिका म्हणाली. "माझं डोकं चालत नाही."

गाडी तिची. स्पीकर तिनंच आणलेले. दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. का, ते विचारलं की "काही नाही, आप्पा," एवढंच. रोज संध्याकाळी अंगणातल्या गाडीत काचा वर करून बसायची, मोठ्यानं गाणी लावून. शेजारचे सूर्यभाननाना कुंपणाजवळ येऊन विचारत, "आप्पा, रोजचीच वरात व्हय तुमच्यात?" भागवतराव हसून वेळ मारून नेत. मग झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं गाडीजवळ जात. गाण्याच्या खाली तिचं रडणं ऐकू यायचं. ते ऐकून पुढच्या झाडाकडं सरकत. घरात हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाहेरचा आत आला नाही म्हणजे झालं," ते म्हणाले. "आतला थोडा गेला बाहेर, तर जाऊ द्या."

"नको," मोनिका लगेच म्हणाली. "आतलाही नको जायला."

भागवतरावांनी तिच्याकडं पाहिलं. ती फोमच्या तुकड्यात बोट रुतवत होती. हिनं आपल्याला झाडांपाशी पाहिलं असेल का? की नानांचं बोलणं मनाला लागलं? का नुसतं गाण्यासाठीच म्हणत असेल?

"मंग जाडच," वैजनाथ म्हणाला. "चारी दारं, छत, खालचा पत्रा, डिकी. सगळं."

"पातळ लावलं तर?"

"चालंल की. पन शेजारी ऐकनार, मंग भांडायला माझ्याकडं पाठवू नका."

"शेजाऱ्यांचं नाही हो, पण..."

"चला, दाखवतोच."

दुकानाच्या मागं वैजनाथची स्वतःची गाडी उभी होती. "हिला सगळीकडं जाड लावलंय. ताई, आत बसा. काका, तुमी हितंच थांबा. ताई, दार लावून जोरात वरडा."

"काय ओरडू?"

"काय बी. मला शिव्या द्या. सगळेच देत्यात."

मोनिका स्टिअरिंगमागं बसली. दार धप्पकन लागलं. वैजनाथनं हात वर करून खूण केली.

आधी ती काहीतरी म्हणाली. हसलीसुद्धा. मग तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठल्या. स्टिअरिंगवरच्या बोटांची पेरं पांढरी पडली. श्वास घ्यायला ती थांबली आणि तोंड पुन्हा उघडलं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याच्यावरचं गाणं शब्दन् शब्द ऐकू आलं. गाडीतून काहीच आलं नाही.

"बगा!" वैजनाथ म्हणाला. "कान लावून बगा, काका."

भागवतरावांनी काचेला कान लावला. काच किंचित थरथरत होती. बस, तेवढंच.

त्यांनी पुन्हा आत पाहिलं. वैजनाथनं सांगितलं म्हणून ही ओरडते आहे, की खरंच? स्वतःच्या मुलीच्या चेहऱ्यावरून एवढं तरी आपल्याला ओळखता यायला हवं, असं त्यांना वाटलं. ओळखता येईना.

"मंग जाडच धरू ना?"

भागवतराव गाडीला वळसा घालून पलीकडं गेले आणि दार उघडलं. मोनिकाचं तोंड झटकन मिटलं.

"काय झालं, आप्पा?"

ते आत बसले. दार ओढलं. नीट लागलं नाही म्हणून पुन्हा ओढलं. रस्ता, ट्रॅक्टर, वैजनाथ, सगळं एकदम थांबलं. आता फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा.

"ओरड आता," ते म्हणाले.

"तुमच्यासमोर?"

"हं."

"नाही जमायचं, आप्पा."

"बरं." त्यांनी चपला काढून पाय वर घेतले, घरच्या ओट्यावर बसावं तसे. "मी बसलोय."

बाहेर वैजनाथ हातवारे करून काहीतरी विचारत होता. मोनिकानं स्टिअरिंग पुन्हा दोन्ही हातांनी धरलं.