छतावरचा साक्षी

तपासणीच्या टेबलावर पाय वर घेऊन पडलेल्या यमुनाबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "सोबतीला बाई कुणी नाही का?"

"हा साक्षी आहे ना, मावशी." डॉक्टरांनी छताकडे बोट दाखवलं. तिथल्या पांढऱ्या यंत्रावर हिरवा दिवा लागला होता. "तुमची नाडी, श्वास, चेहरा, सगळं तो बघतो. त्रास झाला की दिवा लाल होतो. मग मी लगेच थांबतो."

याच रुग्णालयात यमुनाबाईंनी तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. अशा वेळी त्या बायकांचा हात धरून उभ्या राहायच्या. बाईची पकड घट्ट झाली की म्हणायच्या, "डॉक्टर, जरा थांबा." यंत्र आलं आणि त्यांना घरी बसवण्यात आलं.

तपासणी सुरू झाली. कळ थेट पाठीत गेली.

"थांबा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. दिवा हिरवाच होता. "उगीच घाबरताय, मावशी," म्हणत त्यांनी हात चालूच ठेवला.

यमुनाबाई जन्मभर तोंडातून ब्र न काढता सोसत आल्या होत्या. आताही त्यांचा चेहरा हलला नाही, श्वास चुकला नाही. त्या आणखी दोनदा "थांबा" म्हणाल्या. दिवा हिरवाच राहिला.

अहवालात छापून आलं: रुग्णास कोणताही त्रास नाही.

बाहेर बाकावर एक कोवळी पोर बसली होती. तिनं विचारलं, "दुखतं का हो?"

यमुनाबाई तिच्याजवळ टेकल्या. "आत गेल्या गेल्या रडायला लाग, बाळा," त्या म्हणाल्या. "दुखायची वाट बघू नकोस."