उद्दिष्ट क्रमांक एक

आई जाऊन महिना झाला नाही, तोच दोघे भाऊ तिच्या नावाने संस्था काढायला निघाले. वकिलाला घेऊन ताईच्या स्वयंपाकघरात उद्दिष्टं ठरवायला बसले. पाणी कोण घालणार म्हणून झाडं बाद झाली, वाचतंय कोण म्हणून वाचनालय. शेवटी 'निराधार स्त्रियांना आसरा' यावर एकमत झालं आणि त्यासाठी आईचं हेच घर द्यायचं ठरलं.

"बारा वर्षं आईचं हगणं-मुतणं मी काढलं, ह्याच घरात! आता मी कुठं जाऊ रे?" ताईने चहाचा ट्रे आदळला.

"चिडतेस काय ताई? पहिली खोली तुलाच!" धाकटा म्हणाला.


थोरल्याने फॉर्म पुढे सरकवला. "फक्त त्याआधी घर सोडावं लागेल. निराधार नसलेल्या बाईचा अर्ज आम्हाला घेता येत नाही."