वासे, कौलं, दारं

‘बिया मेल्या,’ असं वहीत लिहून शलाकाने ट्रे बाजूला सारला. सातवा दिवस उजाडला, तरी एकही कोंब नव्हता. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या यमुनामावशी ट्रे टाकायला आल्या आणि थबकल्या.

"काय झालंय ह्यांना?"

"जुन्या डीएनएचे सुटे तुकडे परत वापरणारं एन्झाइम ह्यांच्यात नाहीये, मावशी. सगळं नव्यानं घडवायचं, कसं जमणार?" तीन वर्षांचं काम त्या ट्रेमध्ये होतं.

मावशींनी ट्रेवर पाणी शिंपडलं. "आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा ज्यांनी जुन्या घराचे वासे, कौलं, दारं उचलून आणली, त्यांची घरं पावसाआधी उभी राहिली. आमचं सगळंच बुडालं. आम्हाला सहा वर्षं लागली." त्यांनी ट्रे अलगद खिडकीत ठेवला. "पण ताई, राहिलं उभं."

बाराव्या दिवशी मातीतून पोपटी टोकं वर आली. शलाकाने वहीतलं ‘मेल्या’ खोडलं आणि त्यावर लिहिलं, ‘घर बांधतायत.’