झाडलेली जमीन

"लुटलेलंच निघणार, बघ!" जपानमधल्या नारातल्या त्या टेकडीएवढ्या प्राचीन थडग्यावरून नागामिने सर चिनात्सुला सोळा वर्षं चिडवत होते. आज दाराचा दगड सरकला. आत दगडी शवपेटी होती आणि तिचं झाकण जागच्या जागी होतं!

"सर, हरलात!" ती ओरडली.

"हरलो गं बाई! आता फोटो काढ, नाहीतर उद्या मीच नाही म्हणेन." बाहेर मजुरांनी 'बान्झाई'चा जयजयकार केला.

फोटोआधी जमीन झाडायची, आपली पावलं पुसत मागं मागं सरायचं आणि दाराशी थांबायचं, ही उत्खननातली त्यांची रीत. कुंचा घेऊन ती विजयी मुद्रेनं वाकली.

शेंदरी जमीन आधीच झाडलेली होती. पाऊल एकही नव्हतं. कुंच्याचे फराटे दाराशी सुरू झाले होते आणि मागं मागं सरत शवपेटीशी संपले होते.