रुमालाखालचा कीबोर्ड

"रुमाल काढा चाचा," रमीज तिसऱ्यांदा म्हणाला. "रुमाल टाकून कोणी कंप्युटर चालवत नाही."

"मग काय उघड्यावर चालवतात?" नजीबशेठनी विचारलं. आवाज असा, की जणू पुतण्याने त्यांना बाजारात अंघोळ करायला सांगितली होती.



तुर्भ्याच्या फळमार्केटात तेव्हा हापूसचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत, की व्यवहार पक्का. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसे. नजीबशेठनी जन्मभर असाच धंदा केला होता आणि त्यांच्या रुमालाखालचा भाव कधी बाहेर आला नव्हता.

फुटायचा तो फोनवर. दुबईचा एक मोठा व्यापारी दर मार्चला अख्ख्या सीझनचा भाव मागवायचा. ज्याचा भाव कमी, त्याचा माल. शेठची मुलगी तस्नीम आणि जावई नदीम दुबईतच राहत. शेठचा भाव बंद पाकिटात घालून नदीम त्या व्यापाऱ्याला नेऊन द्यायचा. पण त्याला तो कळवायचा कसा? फोनवर. आणि दुबईच्या लाईनवर बोंबलल्याशिवाय काही ऐकू जात नसे. शेठ "तेराशे! अरे तेराशे!" म्हणून ओरडले, की समोरच्या गाळ्यातले ज्योतिबाशेठ शांतपणे आपला फोन उचलत आणि दुबईला दहा रुपये कमी सांगत.

तीन सीझन असे गेले होते. चौथाही गेला तर गाळा विकायचा आणि गावी म्हसळ्याला परत जायचं, असं करिमुन्निसाचाचींनी जाहीर केलं होतं. चाची एकदाच जाहीर करतात.

म्हणून रमीजने कंप्युटर आणला होता. वाशीत सहा महिने क्लास केला होता त्याने. "इंटरनेटला ओरडावं लागत नाही चाचा. इथे टाइप करा, तिकडे नदीमभाई वाचतील. मधल्या मधे कोणी ऐकू शकत नाही."

"कोणीच नाही?"

"पासवर्ड असतो."

शेठना हे फार आवडलं. चार दिवसांत ते शिकले. अक्षरांशी त्यांचं जमलं नाही, पण आकडे असे शिकले की रमीज बघतच राहिला. पाचच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो, हे क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. ते चाचांच्या बोटांनी शोधून काढलं. कीबोर्डवर रुमाल टाकून, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, ते वाटेल तो आकडा न चुकता मारू लागले.

भावाच्या दिवशी सकाळी दहाला गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. इंटरनेट बघायला अर्धं मार्केट आलं होतं. पेट्या वाहणारा हौसेराव आपली अख्खी टोळी घेऊन आला होता. ज्योतिबाशेठ सगळ्यांत पुढे होते.

"तू वर जा," शेठ रमीजला म्हणाले. फोनचा दुसरा रिसीव्हर पोटमाळ्यावर होता. इंटरनेट त्याच लाईनवर चालायचं, तो कोणी उचलला असता तर ते तुटलं असतं. रमीज वर जाऊन रिसीव्हरवर हात ठेवून बसला.

खाली मोडेम किंचाळू लागला.

"ह्येच्या पोटात कळ आली जणू," हौसेराव म्हणाला.

"दुबईला हाक मारतंय," शेठ म्हणाले.

"मग तुमच्यापरास हळूच मारतंय की."

सगळे हसले. शेठनी रुमाल झटकून कीबोर्डवर पसरला. "चला, सगळ्यांनी हात मागे घ्या. रुमालाजवळ कोणी यायचं नाही."

सगळ्यांनी हात मागे घेतले. ज्योतिबाशेठनी तर शाळेतल्या मुलासारखे पाठीमागे बांधले. "आपली काय बिशाद," ते म्हणाले.

रुमाल हलला. एकदा, दोनदा, आणखी दोनदा. मग थोडं थांबून शेवटचं एकदा.

"गेला," शेठ म्हणाले.

"पोचला पन?" हौसेराव पुढे सरकला. "आयला! मला पेटी हितनं टेम्पोत टाकाया ह्याच्या दुप्पट येळ लागतो!"

गाळ्यात कौतुकाची कुजबुज झाली. ज्योतिबाशेठनी शेठचा हात हातात घेतला. "मानलं नजीबशेठ. तीन वर्षं तुमचा आवाज ऐकला, आज चुकल्याचुकल्यासारखं वाटलं बघा." आणि गिऱ्हाईक आल्याचं सांगून ते लगबगीने निघाले.

गर्दी पांगली तसा रमीज जिना उतरू लागला. चाचा जिंकले होते. गाळा राहणार होता. शेवटच्या पायरीवर त्याला समोरच्या गाळ्यातून आवाज आला. ज्योतिबाशेठ फोनमध्ये ओरडत होते.

"चौदाशे चाळीस! अहो चाळीस! चाळीस!"

रमीजने कंप्युटरकडे बघितलं. चाचांना चष्मा लावावा लागू नये म्हणून त्याने स्वतःच अक्षर मोठं करून दिलं होतं. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत '1450' लिहिलेलं होतं.

"चाचा," तो ओरडला. "तुम्ही नुसते हात झाकले! पडदा उघडाच होता! सगळ्यांनी वाचलं!"

"हळू बोल," नजीबशेठ म्हणाले. "आपली तस्नीम परवा दुबईला परत गेली ना? खरा भाव मी तिच्या तोंडी नदीमला कळवलाय. बाराशे."

रमीजने समोरच्या गाळ्याकडे बघितलं; तिथे अजून 'चाळीस' चालूच होतं.

"मशीन एक नंबर आणलंस हां," शेठ कौतुकाने म्हणाले. "पुढच्या आठवड्यात कुवेतचा भाव आहे, तेवढं अक्षर अजून मोठं करून ठेव. मागच्यांना नीट वाचता येत नव्हतं."