वीस पायल्यांचे सत्तर किलो

वीस पायल्या पिठाचे सत्तर किलो व्हायला हवे होते. काट्यावर पन्नासच भरले.

"वीस किलो गेलं कुठं?" कृष्णरावाने विचारले.

"पिठाले पाय फुटले असतील," जेवणाच्या रांगेत ताट घेऊन बसलेला मजूर केवलराम म्हणाला. रांगेतले दोघेतिघे हसले.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचे बांधकाम चालू होते. ठेकेदाराच्या मेसमध्ये किलोचा नवा काटा आला होता. गोदामात अजून पायलीचे मापच चालत होते. म्हणून भांडारबाबू कृष्णरावाने तांदळाची एक पायली तोलून भिंतीवर तक्ता लावला होता: एक पायली, साडेतीन किलो. महिन्यातून एकदा तो त्याप्रमाणे तपासणी करी.

स्वयंपाकीण रुक्माने हे पीठ काल गोदामातून पायलीने मोजून आणले होते. पोत्याला अजून हातही लावला नव्हता.

कृष्णरावाने कागद पुढे केला. त्यावर चोरीची कबुली लिहिलेली होती. "सही करा आणि उद्यापासून येऊ नका. पोलिसांत देत नाही, हे उपकार समजा."

"सही येते मले," रुक्मा म्हणाली. "करत नाही."

"काटा खोटं बोलतो?"

"काटा नाही. तांदूळ तोला, बाबूजी. तुमच्याच हातानं."

त्याने पायली भरली, तळहाताने सपाट केली, तोलली. साडेतीन किलो. तो विजयी मुद्रेने रांगेकडे वळला.

"आता तीच पायली पिठानं भरा."

त्याने भरली. काटा अडीचवर थांबला. त्याने पायली आपटली, आणखी पीठ घातले, मुठीने दाबले. तरी काटा तीनच्या पुढे सरकेना.

"आता मीठ," रुक्मा म्हणाली.

मीठ पाचला टेकले. केवलराम ताट खाली ठेवून काट्याजवळ आला आणि वाकून आकडा वाचू लागला.

"माप एकच," रुक्मा म्हणाली. "पण पिठात हवा जास्त राहाते. हे रोज दळणाऱ्या बाईले ठाऊक असते."

कृष्णरावाने कागदाची घडी केली. "बरं, झालं गेलं. चूल पेटवा. लोक खोळंबलेत."

"पेटवते. आधी दुसरा कागद लिवा."

"कसला?"

"मागच्या महिन्यात याच तक्त्यावरून चोर ठरवून, माझ्याआधी चुलीवर होती त्या शेवंतेचा अंगठा घेतला तुमी. ती चोर नाही, असं लिवा. अन् तिले कामावर बोलवा."

"तिला घेतलं तर तुमची जागा जाईल."

"जाऊ द्या."

"कोण लागते ती तुमची?"

"माझी जाऊ." रुक्माने पदर खोचला. "मी इथं चुलीसाठी नाही आली, बाबूजी. तुमी मले चोर कधी म्हणता, याची वीस दिवसांपासून वाट पाहून राहिली होती."