जनरलच्या छातीवरचं पदक

जर्मन जनरल होऊन पुंडलिक मुकादमाला काय मिळणार होतं? जत्रेतल्या टाळ्या, आणि समोर खाणमालक बसलेला असल्यामुळे सुपरवायझरची खुर्ची. गोवा राज्य झालं त्या वर्षीचं कारापूरचं नाटक. जर्मन सम्राट कैसरच्या फौजेतला साधा लेफ्टनंट तीन अंकांत जनरल झाला. दर बढतीला छातीवर पत्र्याचं पदक वाढलं. "माणसं गेली, पण टेकडी आपली झाली!" पुंडलिक गरजला. मालकाने टाळ्या वाजवल्या. इतक्यात, आवडत्या नटाला बक्षीस द्यायला लोक चढतात तशी, खाणीवरच्या मजुराची बायको द्वारका रंगमंचावर चढली. पुंडलिकाने छाती पुढे केली. "पात्रांव सायबा, एक पदक उरलें," म्हणत तिने नवऱ्याचा हजेरीचा पितळी बिल्ला तिथे टोचला. भर पावसात पुंडलिकानेच त्याला खाणीत धाडलं होतं; टेकडी अंगावर कोसळली. पुंडलिकाने तो बिल्ला हाताने झाकला. टेकडी मालकाला मिळाली, मान मुकादमाला. दोन्हींची किंमत द्वारकेच्या घराने दिली होती.